‘सीक्रेट गार्डन’ पुन्हा वाचताना : दहा वर्षं कुलपात राहून गुलाब जगले कसे?

सदाफुली

(रहस्यभेद आहे. ज्यांनी वाचलं नाही त्यांनी आधी पुस्तक वाचावं, धागा कुठे पळून जात नाही.)

फ्रान्सिस हॉजसन बर्नेट यांचं ‘द सीक्रेट गार्डन’ १९११ साली पुस्तक म्हणून आलं. त्याआधी ते अमेरिकेत मोठ्यांच्या मासिकात क्रमशः छापलं जात होतं. पहिल्या वाचनात लक्ष जातं ते मेरी लेनॉक्सकडे : हिंदुस्थानात कॉलऱ्याने आईबाप गेलेली, किरकिरी, कुणालाच न आवडणारी मुलगी. मग यॉर्कशरमधला शंभरेक खोल्यांचा वाडा, रात्री ऐकू येणारं रडणं, पुरलेली किल्ली. दुसऱ्या वाचनात हे सगळं बाजूला ठेवा आणि एकच प्रश्न धरून बसा. मालकाने बाग बंद करून किल्ली पुरली त्याला दहा वर्षं झाली. मग आतले गुलाब जगले कसे?

उत्तर पुस्तकातच आहे, पण तीन ठिकाणी तुकडे करून ठेवलेलं.

पहिला तुकडा प्रकरण १० मध्ये. मेरी म्हाताऱ्या माळ्याला, बेन वेदरस्टाफला, आडून आडून विचारते. एका बाईसाहेबांच्या आवडत्या गुलाबांबद्दल तो बोलतो, बाग कोणती ते सांगत नाही. बोलता बोलता निसटून जातं : वर्षातून एकदोनदा जाऊन थोडी छाटणी करायचो, मुळाशी खणायचो. रानटी झाले, पण माती कसदार होती म्हणून काही तगले. पुढे तिने आणखी विचारलं की लगेच अंगावर खेकसतो.

दुसरा तुकडा लगेच पुढच्या प्रकरणात. डिकन (वाड्यातली मोलकरीण मार्था, तिचा धाकटा भाऊ) पहिल्यांदा बागेत येतो, फांद्या बघतो आणि म्हणतो की इथे दहा वर्षांच्या आत कुणीतरी कात्री चालवलेली दिसते. मेरी म्हणते, शक्यच नाही, दाराला कुलूप होतं. विषय तिथेच राहतो.

तिसरा तुकडा प्रकरण २२ मध्ये. बेन कॉलिनसमोर (मालकाचा मुलगा, रात्रीचं रडणं त्याचंच) कबूल करतो की तो भिंतीवरून यायचा. संधिवाताने धरलं तेव्हा, म्हणजे दोन वर्षांपूर्वी, येणं थांबलं. मालकाचा हुकूम ‘कुणी आत जायचं नाही’ असा होता, पण मालकीणबाईंनी ‘मी नसले तर माझे गुलाब सांभाळ’ असं त्याआधी सांगितलं होतं. आधीचा हुकूम आधी पाळायचा, एवढा साधा हिशेब.

पुस्तकात ‘जादू’ हा शब्द पुढे इतक्या वेळा येतो की हा म्हातारा झाकला जातो. माझ्या मते बागेची गोष्ट त्याचीच आहे. बागकाम, पक्षी, औषधं, भाषा यांतल्या जाणकारांनी आपापला कोपरा उकरावा.

कुंडीतली माती

उकरते. गुलाबांचं गणित बरोबर आहे, आणि बर्नेटबाईंनी ते ऐकीव माहितीवर लिहिलेलं नाही. केंटमधल्या रॉल्व्हेंडनजवळ ग्रेट मेथम हॉलमध्ये त्या १८९८ पासून जवळजवळ दहा वर्षं राहिल्या. तिथली भिंतीआडची जुनी बाग त्यांनी गुलाब लावून उभी केली होती.

पुस्तकातल्या बागेत दोन तऱ्हेचे गुलाब आहेत, ते वेगळे काढून वाचा.

(१) स्टँडर्ड, म्हणजे उंच दांड्याच्या शेंड्यावर डोळा (फुटण्याआधीचा अंकुर) भरून केलेलं छोटं झाड. दांडा आणि मुळं रानगुलाबाची, डोकं तेवढं जातिवंत. लक्ष दिलं नाही तर खुंटाचे, म्हणजे खालच्या रानगुलाबाचे, फुटवे वर येतात. ते जोमदार असतात, रस ओढून घेतात आणि वरचं कलम वाळत जातं. काही वर्षांत झाड ‘जिवंत’ दिसतं, पण फूल येतं पाच पाकळ्यांचं फिकं रानटी. बेन ‘रानटी झाले’ म्हणतो तेव्हा माळी त्याचा अर्थ असाही लावेल.

(२) वेल-गुलाब. भिंतीवरून झाडांवर चढलेले, एका झाडावरून दुसऱ्यावर झोके घेणारे. हे छाटणीवाचून बरीच वर्षं काढतात. आत मेलेल्या काड्यांचा गुंता होतो, फूल शेंड्याला जातं, पण मरत नाहीत.

म्हणजे बेन आला नसता तर वेल-गुलाब राहिले असते, स्टँडर्ड गेले असते. वर्षाला दोनच फेऱ्या करायच्या तर एक थंडी सरताना छाटणीसाठी आणि दुसरी उन्हाळ्यात फुटवे काढण्यासाठी. फुटवा कात्रीने जमिनीलगत कापायचा नाही, तिथूनच चार फुटतात. माती सारून तो मुळावर जिथून निघालाय तिथून ओढून उपटायचा. बेन ‘मुळाशी खणायचो’ म्हणतो तो उगाच नाही.

आता डिकनची चाचणी. चाकूने काडी कापतो, आत हिरवट आणि रसदार दिसलं तर जिवंत, कोरडी आणि कट्कन मोडली तर मेलेली. आपणही हेच करतो. थोडं नीट सांगायचं तर :

आधी नखाने साल किंचित खरवडा. खाली हिरवं दिसलं तर थांबा. तपकिरी असेल तर शेंड्याकडून दोन-दोन इंच कापत खाली या. हिरवं लागलं तरी कापाच्या मधला गाभा बघा. गाभा तपकिरी असेल तर अजून खाली. पांढरा-हिरवा गाभा लागला की बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या वर ५-६ मिलिमीटर ठेवून तिरका काप द्या, उतार डोळ्याच्या उलट बाजूला, म्हणजे पाणी डोळ्यावर साचत नाही. फार वर कापलं तर वरचा ठोंब वाळतो आणि तीच वाळ खाली उतरते. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना पातं स्पिरिटने पुसा.

पुस्तक वाचून हात शिवशिवले तर एवढं करा, तिकडचं पंचांग इकडे लावू नका. तिथे छाटणी मार्चच्या सुमारास, थंडीचा जोर ओसरताना. आपल्याकडे मार्चमध्ये कडक छाटणी केली की कोवळी फूट एप्रिल-मेच्या उन्हात करपते. महाराष्ट्रात पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरात. द्राक्षवाल्यांना ‘ऑक्टोबर छाटणी’ वेगळी सांगायला नको. त्यानंतर सहा-सात आठवड्यांत फुलं.

अर्धा कप

वाचतेय. एक शंका. गुलाबांचं पटलं, पण मेरीला पहिल्या दिवशी जे हिरवे कोंब दिसतात ते कांद्यांचे आहेत ना? दहा वर्षं ते तरी कसे टिकले? बेन कांदेही सांभाळत होता का?

कुंडीतली माती

कांद्यांना बेनची गरज नाही. मार्था पुस्तकात सांगतेच की ते जमिनीखाली आयुष्यभर काम करत राहतात, पसरतात आणि पिल्लं घालतात. स्नोड्रॉप आणि क्रोकस खरंच तसे. डॅफोडिलची अडचण वेगळी. तीन-चार वर्षांत एका जागी कांद्यांची इतकी दाटी होते की पात भरपूर आणि फूल नाही. आपला निशिगंध एकाच जागी ठेवला की तिसऱ्या वर्षी दांडे कमी होतात, तोच प्रकार. उपाय असा की फुलं गेल्यावर पात आपोआप पिवळी पडू द्यायची, हिरवी असताना कापायची नाही (पुढच्या वर्षाचं फूल त्या पातीच्या कमाईवर असतं). मग कांदे काढून वेगळे करायचे आणि कांद्याच्या उंचीच्या दुप्पट-तिप्पट खोल पुन्हा लावायचे.

मेरी टोकदार लाकूड घेऊन कोंबांभोवतीचं गवत काढते, ‘त्यांना श्वास घेता यावा’ म्हणून. बागकामाचं अक्षरही ठाऊक नसताना नेमकं योग्य काम. गवत काढल्याने ऊन मिळतं. श्वासाशी संबंध नाही, पण चालतंय.

एक खटकणारी गोष्ट मात्र आहे. बाग केंटची, पंचांग यॉर्कशरचं. उत्तरेला मूरच्या (तिकडच्या झुडपी पठाराच्या) वाऱ्यात सगळं उशिरा फुलतं. ते सांभाळायला भिंत मदत करते. अशा बागांच्या भिंती दहा-बारा फूट उंच असत, दिवसा तापून रात्री ऊब सोडत. तरी उन्हाळ्यातला बहर जरा जास्तच दाटीने आलाय. माफ.

हिशेबी

बागेपेक्षा पैशांवर पेन्सिल घेऊन वाचा, पुस्तक वेगळंच दिसतं. १२ पेन्स म्हणजे १ शिलिंग, २० शिलिंग म्हणजे १ पौंड.

मार्थाच्या वडिलांचा पगार आठवड्याला १६ शिलिंग, म्हणजे १९२ पेन्स. घरात आईबाप धरून १४ माणसं. घरभाडं १ शिलिंग ३ पेन्स, तेसुद्धा काढताना जीव जातो असं मार्था म्हणते. १९२ ला १४ ने भागा, मग ७ ने. माणशी दिवसाला दोन पेन्सही पडत नाहीत.

आता दोरीवरच्या उड्यांची दोरी बघा. मार्थाची आई दारावर आलेल्या फेरीवाल्याकडून मेरीसाठी ती घेते, किंमत २ पेन्स. म्हणजे एका माणसाचा अख्ख्या दिवसाचा वाटा. आणि ते पैसे आले कुठून? मार्थाने घरी आणून दिलेल्या तिच्याच पगारातून. वाड्यातल्या मोलकरणीने वाड्यातल्या मुलीला खेळणं घेऊन दिलं. लहान वाचक दोरीकडे बघतो. मेरी मात्र तिथल्या तिथे ओळखते की ‘हे तुझ्या पगारातले पैसे होते’, आभार मानायची सवय नाही म्हणून ते अवघडून मानते, आणि पुढे काय करायचं ते कळत नाही म्हणून हात पुढे करते. ती सुधारायला लागली ते इथे. बागेत अजून पाऊलही पडलेलं नाही.

तुलनेला मेरीचा हातखर्च : आठवड्याला १ शिलिंग. थ्वेट गावच्या दुकानातला खुरपं-दाताळ्यांचा छोटा संच २ शिलिंग. बियांची पुडी १ पेनी. संच म्हणजे सॉवरबी (मार्था-डिकनच्या) कुटुंबाच्या आठवड्याच्या कमाईचा आठवा हिस्सा, मेरीसाठी दोन आठवड्यांचा खाऊ.

पुढे मुलं बागेत चोरून जेवायला लागतात. सॉवरबीबाई, म्हणजे मार्थाची आई, दूध आणि पाव पाठवतात. काही दिवसांनी मुलांच्याच लक्षात येतं की तिच्या घरी १४ तोंडं आहेत, आणि ती आपले शिलिंग तिला पाठवू लागतात. बर्नेटबाई हिशेब विसरत नाहीत.

सदाफुली

हिशेबी, दोरीचं गणित डोक्यात आलंच नव्हतं. दंडवत.

तुमच्या यादीत संचासोबत आलेल्या बिया घाला : डिकन मिन्योनेट आणि खसखशीच्या जातीची फुलं आणतो, कारण दोन्ही ‘कुठेही फेकली तरी उगवतात’. नवशिक्या मुलीला पहिल्यांदा काय द्यावं ते त्याला कळतं. अपयश येणार नाही असं बी.

टिटवी

रॉबिनबद्दल. मराठीत त्याला दयाळ किंवा चिरक करण्याचा मोह टाळावा. आपला दयाळ काळा-पांढरा आणि चिरक काळसर, बुडाशी तांबूस. तिकडचा रॉबिन चिमणीएवढा, छाती-चेहरा नारिंगी-लाल. कथेत त्याची लाल छाती वारंवार येते, दयाळ केला की वर्णनच कोसळतं. ‘रॉबिन’च ठेवा.

तो माळ्याच्या मागे-मागे फिरतो हे लाडिक कल्पनाचित्र नाही. माती उलटली की गांडुळं-अळ्या वर येतात आणि इंग्लंडचा रॉबिन त्यासाठी खणणाऱ्या माणसाच्या पायाजवळ उतरतो. आपल्याकडे नांगरामागे गायबगळे आणि साळुंक्या येतात, तसंच.

किल्लीचा प्रसंग या नजरेने वाचा. रॉबिन किल्ली ‘दाखवत’ नाही. चिचुंद्रीसारख्या बिळात राहणाऱ्या मोलसाठी कुत्र्याने माती उकरलेली असते, ताजी माती दिसली म्हणून पक्षी किड्यासाठी तिथे उतरतो, आणि मेरी बघते तर मातीत गंजलेली कडी. दार सापडतं ते वाऱ्याच्या झोताने आयव्ही (भिंतीवर चढणारा वेल) बाजूला झाल्यामुळे. जादूचे दोन्ही मोठे प्रसंग कुत्रा, किडा आणि वारा यांच्यावर उभे आहेत, तेही लेखिकेने स्वतःच सांगितलेलं. बाईंना मेथममध्ये असा एक रॉबिन लळा लावून गेला होता, त्याच्यावर त्यांनी १९१२ मध्ये छोटं पुस्तकही केलं.

निमवैद्य

पहिलं प्रकरण वैद्यकीयदृष्ट्या फार अचूक आहे. कॉलऱ्याची लागण झाल्यापासून काही तासांत ते पाच दिवसांत त्रास सुरू होतो, आणि जोराचा असेल तर अंगातलं पाणी संपून माणूस त्याच दिवशी जाऊ शकतो. मेजवानीसाठी थांबलेली आई, रात्रीत गेलेली आया, पळालेले नोकर, सगळं त्या वेगाने घडतं.

मेरी का वाचली? लेखिका कारण सांगत नाही, पण एक तपशील ठेवते. मुलगी अर्धवट सोडलेल्या जेवणाच्या टेबलावर येते, फळं-बिस्किटं खाते आणि तहान लागली म्हणून भरलेला वाइनचा पेला पिते. पाणी नाही! कॉलऱ्याच्या जंतूला आम्ल सोसत नाही, त्या घरातल्या पाण्यापेक्षा वाइन नक्कीच सुरक्षित. फळं मात्र धोक्याची होती. लेखिकेने हे मुद्दाम केलं असेल असं नाही, तिला मेरीला गाढ झोपवायचं होतं.

जंतू रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने १८८४ मध्ये कलकत्त्यात पक्का केला होता, पण उपचार नव्हता. आज जे जीव वाचवतं ते किती साधं : १ लिटर उकळून गार केलेलं पाणी, ६ सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ (चमचा चहाचा, ५ मिलीचा). मीठ जास्त झालं तर उलट अपाय होतो, म्हणून सपाटच. आणि जुलाब जोराचे असतील तर हे पाजत पाजत दवाखाना गाठायचा.

कॉलिनची पाठ. मेरी त्याला पाठ दाखवायला लावते तेव्हा बरगड्या आणि मणके मोजता येतील इतका तो वाळलेला असतो. ‘आवाळू’ म्हणून ज्याला तो घाबरतो ते हाडावर मांस नसल्याने हाताला लागणारे नेहमीचे मणके. मेरीचं निदान बरोबर. लंडनहून आलेल्या मोठ्या डॉक्टरने लोखंडी पट्टा काढून मोकळी हवा सुचवली होती, तेही बरोबर. पाय पांगळे नव्हतेच, वापरावाचून स्नायू गेले होते. त्यामुळे पहिल्या दिवशी आधाराने उभं राहणं पटतं. पुढे डिकन थ्वेटच्या पैलवानाकडून, बॉब हॉवर्थकडून, व्यायाम शिकून येतो आणि कॉलिन झेपेल तेवढेच करतो, तेही पटतं. वसंतापासून शरदापर्यंतचा अवधी पुरेसा आहे.

मुलांना वाचून दाखवणाऱ्यांना एक सांगणं. ज्या मुलाला खरंच अपंगत्व आहे त्याच्यासमोर ‘मनात आणलं की चालता येतं’ असं हे पुस्तक वापरू नका. कॉलिनला आजार नव्हता, म्हणून तो चालला.

उंबरठा

सगळे इतकं कौतुक करताय म्हणून जरा वेगळं. हिंदुस्थानचं काय? मार्था म्हणते की तू हिंदुस्थानातून येणार म्हणजे काळी असशील असं वाटलं होतं, आणि मेरी संतापून सांगते की ते लोक माणसं नव्हेत, सलाम करणारे नोकर आहेत. लेखिका मेरीला बऱ्याच गोष्टींसाठी कान धरून वळणावर आणते, यासाठी नाही. हिंदुस्थान म्हणजे उष्मा, आळस, आजार. यॉर्कशर म्हणजे वारा आणि भूक. डिकनच्या कोल्ह्याला नाव आहे, कावळ्याला आहे, दोन्ही खारींना आहे. जिने मेरीला वाढवलं त्या आयेला नावसुद्धा नाही.

तळटीप

बाकी सगळं मान्य, एक दुरुस्ती. नाव आहे. पहिल्या प्रकरणात एकदाच, सैदी. तेही कसं, तर ती परत आली की तिला काय काय शिव्या घालायच्या हे मेरी पुटपुटत असते तेव्हा. तुमचा मुद्दा यामुळे सौम्य होत नाही, उलट टोकदार होतो.

आणि त्याच्याच शेजारी हे ठेवा : कॉलिन रात्री झोपत नाही तेव्हा मेरी काय करते? आया करायची तसं हात थोपटत हळू आवाजात हिंदुस्थानी गाणं म्हणते. वाड्यातल्या पगारी नर्सला जे जमलं नाही ते सैदीच्या पद्धतीने होतं. लेखिकेला याची जाणीव होती की नाही, वाद घाला. पण वाक्य कापू नका. घरात मोठ्याने वाचताना मार्थाच्या त्या संवादावर थांबून बोलणं हेच बरं.

आवृत्त्यांविषयी. मूळ पुस्तकात २७ प्रकरणं आहेत. हातातलं पातळ असेल तर ते संक्षिप्त आहे. खूण म्हणून प्रकरण १० उघडा. बेनचा तो ‘एकदोनदा जाऊन छाटायचो’ संवाद नसेल तर सदाफुली यांच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या प्रतीत मिळणार नाही. लेखिका १९२४ मध्ये वारल्या, भारतात हक्क केव्हाच संपले. मूळ इंग्रजी प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर फुकट आहे, मराठी करायलाही कुणाची परवानगी नको.

चित्रपट बघून आलेल्यांचा गोंधळ : १९९३ च्या चित्रपटात आईवडील भूकंपात जातात आणि मेरीची आई आणि कॉलिनची आई जुळ्या बहिणी आहेत. पुस्तकात कॉलरा आहे, आणि मेरीचे वडील हे कॉलिनच्या आईचे भाऊ. म्हणजे मेरी कॉलिनची मामेबहीण. मराठी अनुवादकाला हे नातं अचूक हवंच, इंग्रजीत ‘कझिन’ या एका शब्दात भागतं. २०२० च्या चित्रपटात काळच १९४७ चा केलाय, फाळणीचा. सगळ्यात गमतीचा १९४९ चा : चित्रपट कृष्णधवल, बाग बहरते ते प्रसंग तेवढे रंगीत.

खोडरबर

अनुवादाचा विषय निघालाच आहे तर खरी डोकेदुखी बोलीची. मार्था, डिकन, बेन यॉर्कशरची बोली बोलतात. ती नुसती रंगासाठी नाही. मेरी ती शिकते, मुद्दाम वापरते, कॉलिनला शिकवते. मराठीत सगळे प्रमाण बोलले तर अर्धी गोष्ट गेली.

मालवणी घेतली तर वाचकाला माड दिसणार. अहिराणी पुणे-मुंबईकडच्या मुलांना पानभरही झेपणार नाही. वऱ्हाडीचा ठसका गोड, पण तीही आपला मुलूख घेऊन येते. मला वाटतं ‘हाय-न्हाई-लई’ एवढ्यावर भागवावं आणि वाक्याची ठेवण गावाकडची ठेवावी.

सर्वनामं मात्र आयती जुळतात. यॉर्कशरवाले सगळ्यांना जुन्या इंग्रजीतल्या ‘दाऊ’च्या (thou) घरातला ‘था’ (tha) लावतात, म्हणजे आपलं तू. पहिल्याच सकाळी मार्था मेरीला ‘तू’ म्हणते. सलाम घेऊन वाढलेल्या मुलीच्या कानाला तो ‘तू’ कसा लागला असेल ते मराठी वाचकाला समजावून सांगावं लागत नाही, इंग्रजी वाचकाला लागतं. मूर या शब्दाला ‘माळरान’ नको, माळ कोरडा असतो. ओलसर, काळ्या मातीचं, झुडपी पठार आहे ते. ‘मूर’ ठेवून एकदा वर्णन करावं. वाड्याभोवतीचा वारा ‘घोंघावतो’, हा शब्द जसाच्या तसा बसतो.

अडलंय ते ‘विक’ या शब्दावर. डिकनचा आवडता शब्द, जिवंत काडीला म्हणतो. द्राक्षवाले ‘काडी ओली आहे’ म्हणतात, ते घेऊ का?

कुंडीतली माती

काडीपुरतं ‘ओली’ चालेल. पण डिकन पुढे म्हणतो ना, ही तुझ्यामाझ्याइतकीच विक आहे? माणसाला ओला म्हणून कसं चालेल? झाडाला आणि माणसाला एकच शब्द हवा. ‘जितं’ घ्या. ‘ही काडी जिती हाय, तुज्यामाज्यावानी जिती.’

खोडरबर

जिती! घेतला.

आणि मेरी डिकनला त्याच्याच बोलीत विचारते, मी तुला आवडते का, ते ‘म्या तुला आवडती व्हय?’ असं. तिने ही भाषा नुकतीच उचललीय, तेव्हा किंचित चुकलेली असली तरी हरकत नाही.

उंबरठा

शेवटाबद्दल कुणीच बोललं नाही. पुस्तक मेरीचं, आणि शेवटच्या वाक्यात हिरवळीवरून कोण चालत येतं? वडील आणि कॉलिन. मेरी गायब. बापाला आनंद व्हायला मुलगाच लागतो, भाचीने बाग उघडली ती गेली कुठे?

सदाफुली

खरं आहे, आणि त्याला सबब नाही. एवढंच बघा की तो शेवट आपण नोकरांच्या खोलीच्या खिडकीतून बघतो, आणि तिथे सगळ्यांच्या आधी काय घडलंय ते ठाऊक असलेला माणूस बेन आहे. बिअरचा पेला हातात, आणि वाड्याच्या कारभारणीला, मेडलॉकबाईंना, लगेच काही सांगत नाही. दहाव्या प्रकरणात जीभ घसरली होती, इथे सांभाळून आहे.

बेनचंच आणखी एक. कॉलिन पहिल्या दिवशी गुलाब लावतो तो काचघरातून बेनने आणलेला, कुंडीतला. मोकळ्या मुळांचं रोप नाही. बरोबर ना, कुंडीताई?

कुंडीतली माती

अगदी. मोकळ्या मुळांचा गुलाब तिथे नोव्हेंबर ते मार्च, झोपेत असताना लावतात. त्या दिवशी आलुबुखाराचं झाड फुलांनी पांढरं झालंय, म्हणजे वसंत बराच पुढे आलेला, पाना-फुटीवरचा गुलाब मुळं उघडी करून लावला तर माना टाकेल. कुंडीतला असेल तर मातीचा गोळा न फोडता खड्ड्यात बसतो. कॉलिन खुरप्याने खड्डा सुरू करतो, डिकन फावड्याने तो खोल-रुंद करतो, मेरी झारी आणायला धावते. लावल्याबरोबर पाणी, नाहीतर गोळ्याभोवती पोकळी राहते आणि मुळं वाळतात.

अर्धा कप

अवांतर : ती दगडांची भट्टी करून बटाटे-अंडी भाजतात ते घरी करता येईल का? अंडी फुटत नाहीत का?

हिशेबी

फुटतात. आत वाफ कोंडते आणि कवच उडतं, डोळ्याला धोका. हुरड्याच्या आगटीसारखा वीतभर खोल खड्डा, तळाला आणि कडेला कोरडे दगड (नदीतले ओले नकोत, तेही तडकतात). लाकूड पूर्ण जळून निखारे झाले की बटाटे राखेत पुरा. मध्यम आकाराला पाऊण तास ते तास, सुरी आरपार गेली की झालं. अंड्याला रुंद टोकाला सुईने भोक पाडा, ओल्या कागदात किंवा केळीच्या पानात गुंडाळा, निखाऱ्यावर नाही तर कडेच्या गरम राखेत ठेवा, १५ ते २० मिनिटं, मध्ये एकदा फिरवा. पुस्तकात वर मीठ आणि ताजं लोणी आहे. तिखट-मीठ लावलंत तरी चालेल.